नाणेघाटापासून आणेघाटापर्यंत

रस्त्याचे वय विचारण्याची चाल आपल्याकडे नाही. देवळाचे वय पुजारी न विचारताच सांगतो आणि सांगता सांगता पांडवांपर्यंत सहज जाऊन येतो, किल्ल्याचे वय वाटाड्या सांगतो, घराण्याचे वय तर घराण्यातील प्रत्येकजणच सांगत असतो. परंतु ज्या रस्त्याने ही देवळे, हे किल्ले आणि ही घराणी गाठावयाची, तो मात्र सर्वांच्या लेखी मागच्या निवडणुकीच्या तोंडावर डांबर पडले तेव्हाच जन्मास आलेला असतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगास, जुन्नर तालुक्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी जी वाट आहे, तिच्यावर हा अन्याय विशेषच झालेला आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने सह्याद्री चढून जुन्नरास येई आणि तेथून सातवाहनांच्या राजधानीस, म्हणजे पैठणास, रवाना होई. ही वहिवाट दोन हजार वर्षांची. आजचा कल्याण-नगर महामार्ग घाट बदलून माळशेजने वर येतो आणि ओतूर, आळेफाटा करीत आणेघाटाने पठारावर चढतो. परंतु दिशा तीच, मुलूख तोच, आणि वाटसरूने पावलोपावली अडून राहावे असा त्या मुलुखाचा आग्रहही तोच.

ही वहिवाट निदान तालुक्याच्या हद्दीपुरती तरी एका घाटापासून दुसऱ्या घाटापर्यंत पाहावी असे ठरले, तेव्हा मुक्कामास ओझर निवडले. श्रीविघ्नहराचे हे क्षेत्र दोन्ही घाटांच्या दरम्यान, नारायणगावापासून जवळ, कुकडीच्या काठी वसलेले असून तेथे भक्तनिवास आहे, आणि प्रवासारंभीच विघ्नहर्त्याच्या आश्रयास जाऊन राहणे हा विमा उतरविण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. सोबतीस महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले एक स्नेही होते. त्यांना आम्ही सर्व रावसाहेब म्हणतो. उभी हयात मामलेदार कचेरीत गेल्यामुळे सृष्टीतील यच्चयावत वस्तूंकडे ते ‘प्रकरण’ या दृष्टीनेच पाहतात. हिमालय पाहूनही त्यांनी प्रथम त्याच्या चतुःसीमा विचारल्या होत्या.

नाणेघाटाच्या माथ्यावर, खिंड जेथे पठारास मिळते तेथे, एकाच पाषाणातून घडविलेला एक प्रचंड रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याने जकातीचे नाणे त्यात टाकावे आणि मग पुढे जावे, असा त्याचा उपयोग परंपरेने सांगितला जातो. हा रांजण पाहताच रावसाहेबांना भरून आले. आदल्याच दिवशी एका नाक्यावर आमच्या गाडीच्या काचेवरची फास्टॅगची चिकटपट्टी यंत्राने ओळखण्यास नकार दिला होता. गाडी मागे घ्या, पुढे घ्या, तिरपी घ्या, असा कवायतीचा हुकूम होऊन शेवटी दुप्पट रक्कम भरल्यावरच आमची सुटका झाली होती. “याला म्हणतात बंदोबस्त,” रांजणाच्या काठावर हात ठेवून रावसाहेब म्हणाले. “अहो, याला ना वीज लागते, ना इंटरनेट. नाणे पडल्याचा आवाज हीच पावती.” सध्या त्या रांजणात बिस्किटांच्या पुड्यांचे कागद जमा होतात.

शेजारच्या लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा सुप्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधासारखे कोणकोणते यज्ञ पार पडले आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती आणि किती कार्षापण नाणी दिली, याची ती नोंद होय. अंकलेखनाचे भारतातील अत्यंत प्राचीन पुरावे या लेखात सापडतात म्हणून विद्वान लोक त्याच्यापुढे नतमस्तक होतात. १८२८ च्या सुमारास साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या पंडितांनी त्याच्या वाचनावर आपली दृष्टी खर्ची घातली. रावसाहेबांनी मात्र गाईंच्या आणि घोड्यांच्या संख्या ऐकून घेतल्या आणि खर्च तपशीलवार असला तरी एकही व्हाउचर जोडलेले नाही, असा आक्षेप नोंदविला. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, कुमार भाय, महारठी त्रणकयिर अशी नावे वर कोरलेली आहेत, परंतु मूर्ती नष्ट होऊन खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. ते पाहून रावसाहेब क्षणभर गहिवरले. “अगदी आमची कचेरी!” ते म्हणाले. “हजेरीपुस्तकात नावे सगळ्यांची आणि जागेवर कोणी नाही.”

पावसाळ्यात येथे आणखी एक चमत्कार घडतो. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून असा उसळतो की खाली पडू पाहणाऱ्या धबधब्याचे पाणी उलट वर फेकले जाते. हे उलटे पाणी पाहण्यासाठी शनिवारी-रविवारी इतकी माणसे लोटतात की घाटघरच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागते आणि सातवाहनकाळी बैलांच्या तांड्यास जेवढा वेळ लागत असेल तेवढाच वेळ घेऊन आधुनिक मनुष्य नाणेघाटी पोहोचतो. राणीच्या लेखापाशी त्या दिवशीही शुकशुकाटच असतो. पाणी खालून वर गेले तर पाहण्यास हजारो लोक जमतात. दोन हजार वर्षे जागचे न हललेले अक्षर पाहण्यास कोणी का यावे?

घाटाकडून जुन्नराकडे येताना चावंडच्या पायथ्याजवळ पूर गावी कुकडेश्वराचे शिल्पसंपन्न शिवालय लागते आणि कुकडी नदी तेथेच उगम पावते. जुन्नराच्या परिसरातील दोनशेहून अधिक लेणी, शिवजन्माने पावन झालेला शिवनेरी, यांविषयी इतरत्र इतके लिहिले गेले आहे की मी हात जोडून पुढे जातो. एवढे मात्र सांगितले पाहिजे की या लेण्यांतील दानलेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे नाव आहे, यवन दात्यांची नावे आहेत. म्हणजे या रस्त्यावर ज्यांनी पैसा मिळविला, त्यांनी त्यातील काही भाग रस्त्यालगतच्या डोंगरात गाडून पुण्य पदरी पाडून घेतले. ज्यांना एवढी दूरदृष्टी नव्हती त्यांचे काय होते, हे पाहावयाचे असल्यास हापूसबागेतील सौदागर गुंबज पाहावा. इमारत देखणी, कोरीव काम नाजूक, घुमट भव्य. परंतु आत कोणता सौदागर निजला आहे याचा निर्णय अद्याप झालेला नाही. व्यापाऱ्याने दुकानावर पाटी लावावी आणि कबरीवर लावू नये, हा व्यवहार काही मला उमगला नाही.

लेण्याद्रीस गिरिजात्मज गणपती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या विहारात विराजमान आहे. पायऱ्या पावणेतीनशेहून अधिक असून त्या चढण्याआधी पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते. “देवाला तिकीट?” असे एका आजीबाईंनी खिडकीतील तरुणास विचारले, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “आजी, देवाला नाही, डोंगराला.” रावसाहेबांना हा निर्णय इतका आवडला की त्यांनी त्या तरुणाचे अभिनंदन केले आणि अशी माणसे महसूल खात्यास का मिळत नाहीत म्हणून पहिल्या पन्नास पायऱ्या चढेपर्यंत हळहळ व्यक्त केली. त्यापुढे त्यांना बोलण्याइतका श्वास उरला नाही.

आता ओझर. येथील कथा अशी की, अभिनंदन नावाच्या राजाने मोठा यज्ञ आरंभिला, इंद्रास आपल्या आसनाची चिंता वाटली आणि त्या यज्ञात व्यत्यय आणण्यासाठी विघ्नासुराची योजना झाली. हा असुर इतका कर्तव्यदक्ष निघाला की त्याने नेमून दिलेल्या एका यज्ञाबरोबर पृथ्वीवरील झाडून सर्व यज्ञ बंद पाडले. (नाणेघाटात नागनिकेचे यज्ञ निर्विघ्न पार पडल्याची नोंद आणि तेथून एका दिवसाच्या वाटचालीवर यज्ञविध्वंसकाचे क्षेत्र, हा योगायोग पुराणकारांनी कसा सोडला कोण जाणे.) पुढे गणेशाने त्याचा पराभव केला, तेव्हा शरण आलेल्या असुराने एकच याचना केली की तुमच्या नावात माझेही नाव असावे. देवाने ती मान्य केली आणि तो विघ्नेश्वर, विघ्नहर झाला. रावसाहेबांच्या मते हा जगातील पहिला यशस्वी तहनामा होय. पराभूत पक्षाने मुलूख मागितला नाही, खंडणी माफ करून मागितली नाही, केवळ नाव मागितले, आणि तेही विजेत्याच्या नावाच्या आधी लावून घेतले! आज कोट्यवधी लोक पहिल्या प्रथम असुराचे नाव घेतात आणि मग देवाचे.

देवालय तटबंदीचे, दीपमाळा भक्कम, मूर्ती पूर्वाभिमुख. वसई जिंकल्यानंतर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजीअप्पांनी त्याचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्याने मढविल्याचे सांगतात. पाठीमागे येडगाव धरणाचा जलाशय पसरला आहे. परंतु ओझरचे खरे प्रेक्षणीय स्थळ म्हणजे अष्टविनायक यात्रेची बस. शास्त्राने सांगितलेला क्रम मोरगाव, सिद्धटेक, पाली, महाड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव असा असून शेवटी पुन्हा मोरगावास जावयाचे असते. डिझेलने सांगितलेला क्रम निराळा असतो, आणि बहुधा तोच पाळला जातो. मध्यान्हीच्या सुमारास एक बस येऊन थांबली. दार उघडण्यापूर्वीच व्यवस्थापकाने खिडकीतून घोषणा केली की दर्शनास वीस मिनिटे, चहास दहा, आणि जो मागे राहील तो आपल्या जबाबदारीवर. मंडळी उतरली. एका गृहस्थांनी पादत्राणे काढता काढता पत्नीस विचारले, “हा कितवा गं?” “सातवा,” ती म्हणाली. “मग लेण्याद्रीचा धरला का?” “तो धरूनच.” गृहस्थांनी बोटे मोजली, समाधानाने मान हलविली, देवापुढे गेले, डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच पुढच्या रांगेत सरकले. डोळे उघडून मूर्ती पाहण्याचे काम मोबाइलने केले. चहाची मात्र दहाची वीस मिनिटे झाली. चहाला कोणी डोळे मिटून जात नाही.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने हे गाव महाराष्ट्रभर दुमदुमले. गुढीपाडव्याच्या आगेमागे येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी देण्यासाठी येतात. त्या राहुट्यांत चालणारी घासाघीस जिनिव्हाच्या कोणत्याही परिषदेपेक्षा अधिक मुत्सद्दी असते. ज्या तिथीला बहुतेक गावांच्या जत्रा येतात तिचा भाव चढतो, म्हणून कमिटीचे अध्यक्ष ग्रामदैवताच्या उत्सवाची तिथी हलविता येईल काय, असा विचार दबक्या आवाजात मांडतात. मग कोणीतरी म्हातारा घसा खाकरतो आणि तिथी जागच्या जागी राहते. आम्ही एका राहुटीबाहेर उभे राहिलो तेव्हा आतील मनुष्याने, “कोणत्या गावची कमिटी, पाव्हणं?” म्हणून आदराने विचारपूस केली. आम्ही केवळ पाहावयास आलो आहोत असे सांगताच तो म्हणाला, “पाहायला मग जत्रेतच या की.” अत्यंत रास्त.

तेथून पूर्वेस खोडद. टोमॅटोच्या वाफ्यांतून, द्राक्षांच्या मांडवांमधून गाडी जात असते आणि अकस्मात क्षितिजावर पंचेचाळीस मीटर व्यासाची तारांच्या जाळीची महाकाय परात आकाशाकडे तोंड करून उभी दिसते. मग दुसरी, मग तिसरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप या वैज्ञानिकाच्या प्रतिभेतून साकारलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात ‘जीएमआरटी’. एकूण तीस परातींपैकी चौदा खोडदजवळ एकवटलेल्या असून उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी जाळी घातल्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटते आणि खर्चही. एवढी मोठी वस्तू काटकसरीने उभी करता येते ही गोष्ट रावसाहेबांना सर्वांत अविश्वसनीय वाटली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओलहरी येथे टिपल्या जातात, म्हणून आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो.

“हे ऐकतात काय?” रावसाहेबांनी विचारले.

“आकाश,” आमच्यासोबतचा स्थानिक तरुण म्हणाला.

“आणि उत्तर काय देतात?”

“उत्तर देत नाहीत. नुसतं ऐकतात.”

“म्हणजे आवक नोंदवही आहे, जावक नाही,” रावसाहेब म्हणाले आणि शासकीय कार्यपद्धती विश्वाच्या एवढ्या खोल थरापर्यंत पोहोचल्याचे पाहून प्रथमच निश्शब्द झाले.

या दुर्बिणीस शांतता हवी. मनुष्याच्या कानास कळणारी नव्हे, विजेच्या यंत्रांच्या कुरबुरीपासूनची. त्या शांततेखातर भोवतालच्या उद्योगधंद्यांवर बंधने आली, आणि पुणे-नाशिक रेल्वेचा नियोजित मार्ग या परिसरातून नेण्यास हरकत निघून तो बदलण्याची घोषणा झाली. आगगाडी यावी म्हणून वर्षानुवर्षे डोळे लावून बसलेल्या तालुक्याला दूरच्या तारकापुंजांच्या सोयीसाठी रेल्वेमार्ग वळतो हे पटवून देणे सोपे नाही, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांना मी दोष देणार नाही. तरीही दरवर्षी २८ फेब्रुवारीस विज्ञानदिनाच्या निमित्ताने खोडदला जे प्रदर्शन भरते, त्याला शाळकरी मुलांची अशी झुंबड उडते की शेजारच्या एखाद्या जत्रेने हेवा करावा. पेरूच्या फोडींवर तिखटमीठ तेथेही मिळते.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी मातीच्या थरांत एक पांढुरका पट्टा आहे. सुमात्रा बेटावरील टोबा नावाच्या ज्वालामुखीचा पाऊण लाख वर्षांपूर्वी स्फोट होऊन जी राख उडाली, तिचा हा थर असे मानतात. काही संशोधक तो याहूनही फार जुना ठरवितात आणि हा वाद अद्याप निकाली निघालेला नाही. त्याच परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. पाहण्यासारखे तेथे म्हणाल तर काहीच नाही. “सुमात्र्याहून राख आली आणि येथे स्थायिक झाली,” रावसाहेब म्हणाले, “सातबाऱ्यावर नाव लागले नाही एवढेच.”

आळ्यास ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. आळंदीच्या चार अनाथ भावंडांना शुद्धिपत्र पाहिजे होते आणि ते देण्याचा अधिकार पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे होता. म्हणून ती कोवळी पोरे एका दाखल्यासाठी आळंदीहून पैठणपर्यंत पायपीट करीत गेली. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या मराठी मनुष्याने हा प्रसंग वाचून अश्रू ढाळावेत ते याचसाठी. तेथे ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखाने वेद वदविले, हे सर्वश्रुत आहे. परतीच्या वाटेवर तो रेडा भावंडांसोबत निघाला आणि आळे येथे त्याने देह ठेवला, असे परंपरा सांगते. पैठणहून जुन्नरच्या मुलुखाकडे येणारी ही वाट म्हणजे आमची तीच सातवाहनी वाट. तिच्या एका टोकास राणीने वेदज्ञ ब्राह्मणांस हजारो गाई देऊन त्याची नोंद दगडात कोरून ठेवली. आणि मध्यावर एक रेडा निजला आहे, ज्याने वेद म्हणण्याबद्दल गवताची काडीही मागितली नाही. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. रावसाहेबांनी समाधीपुढे टोपी काढली आणि बराच वेळ काही टिप्पणी केली नाही. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, “शुद्धिपत्राचे काम अखेर कोणी केले? साक्षीदाराने. कारकुनाने नव्हे. हे लिहून ठेवा.” मी लिहून ठेवले आहे.

आणेघाटात गुळुंचवाडीजवळ एक पूल आहे. ओढ्याच्या पाण्याने कातळाचा खालचा भाग युगानुयुगे कोरून नेला आणि वरची कमान तशीच राहिली; खालून पाणी वाहते, वरून माणसे जातात. अभियंता नाही, ठेकेदार नाही, निविदा नाही, उद्घाटकाच्या नावाची कोनशिला नाही, आणि तरीही पूल उभा आहे. किंबहुना, असे रावसाहेबांचे मत पडले, म्हणूनच उभा आहे. जुन्नर तालुक्यास २०१८ साली शासनाने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. ही घोषणा स्वागतार्ह असली तरी पुलास तिची वाट पाहावी लागली नाही. जवळच महामार्गावरून नगरकडे धावणाऱ्या गाड्यांपैकी आम्ही तेथे असेपर्यंत एकही थांबली नाही. वाचकांपैकी कोणी त्या बाजूने गेलेच, तर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेस लावून जपून ओढ्यात उतरावे आणि खालून पूल पाहावा. वरून चालत गेल्यास पूल ओलांडून होतो आणि तो दिसत नाही.